आधी वारा, मग हरीण: स्कॉटलंडच्या डोंगरात स्टॅगच्या मागावर एक दिवस

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पश्चिम हायलँड्समधली एक खासगी इस्टेट, चार मित्र आणि दोन रायफली. रेड डिअरच्या नरांचा, म्हणजे स्टॅगचा, हा माजाचा काळ. दऱ्यांतून त्यांचं डुरकणं पहाटेपासून ऐकू येतं, त्यामुळे कळप कुठे आहेत हे शोधायला सोपं जातं. पण एका स्टॅगभोवती पंधरा-वीस माद्या असतात. चुकवायची असते ती त्यांची नजर आणि नाकं, स्टॅगची नव्हे. ज्यांना शिकारीचा असा दिवस आखायचा आहे त्यांच्यासाठी हा वृत्तांत. वाऱ्यावर जास्त लिहिलं आहे, कारण डोंगरात फुकट गेलेल्या बहुतेक पाठलागांचं कारण वाराच असतो.

आधी कायद्याचं. स्कॉटलंडमध्ये रानातलं हरीण जिवंत असेपर्यंत कुणाच्याच मालकीचं नसतं, मारण्याचा हक्क मात्र जमीनमालकाचा. म्हणून इस्टेटशी आधी ठरवल्याशिवाय काहीच होत नाही. माद्यांचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी. नरांचा बंद हंगाम 2023 मध्ये कायद्याने उठवला, तरी 1 जुलै ते 20 ऑक्टोबर हा शिकारीचा जुना काळ पाळणाऱ्या इस्टेटी अजून आहेत. सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यापासून सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत खास परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. स्वतःचं लायसन्स नसेल तर 17 वर्षं पूर्ण झालेल्या पाहुण्याला इस्टेटची रायफल वापरता येते, पण त्याच जमिनीवर, इस्टेटच्या अधिकृत माणसाच्या देखत आणि कायद्याने घातलेल्या अटींवरच. बुकिंग करतानाच हे बोलून घ्या.

या डोंगरांतून लांडगा संपला त्याला काही शतकं झाली. मोठ्या हरणाला मारणारा दुसरा प्राणी उरलेला नाही, आणि संख्या वाढली की रोपटी वर यायच्या आत खाल्ली जातात. त्यामुळे दरवर्षी किती आणि कोणती हरणं काढायची हे ठरलेलं असतं. कोणता स्टॅग मारायचा हे स्टॉकर सांगतो. स्टॉकर म्हणजे इस्टेटचा पगारी, त्या डोंगरात वर्षानुवर्षं वावरलेला माणूस. तो बहुधा म्हातारा, उतरतीला लागलेला किंवा शिंगं नीट न फुटलेला नर दाखवतो. सगळ्यात देखणा स्टॅग मागे राहतो, तेच बरोबर आहे.

साडेआठला लॉजवर पोचलो की पहिलं काम रायफल तपासण्याचं. इस्टेटची असो वा स्वतःची, स्टॉकर समोर गोळ्या झाडायला लावतोच. 100 मीटरवर, पोटावर झोपून, 10 सेंमीच्या वर्तुळात तीन गोळ्या बसल्या पाहिजेत. एक बाहेर गेली तर घाई न करता परत तीन मारा. प्रवासात स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीला, धक्का लागलेला असू शकतो. .270 किंवा .308 कॅलिबरच्या रायफलीला 100 मीटरवर गोळी अडीच सेंमी वर लागेल अशी साइट बसवली, की 150 मीटरपर्यंत वेगळा हिशेब करावा लागत नाही. त्याच्यापलीकडून मारायचं नाही असं सकाळीच ठरवून टाका. हरीण समोर आल्यावर हा निर्णय नीट घेता येत नाही.

कपडे आवाज न करणारे हवेत. लोकर, ट्वीड, फ्लीस चालतं, कडक रेनकोट गवताला घासला की शंभर मीटरवर ऐकू जातो. हरणांना लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा जीन्स आणि निळी टोपी घरीच ठेवा. घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्यापर्यंत गेटर्स (नडगीवर बांधायची आवरणं), दोन जोड हातमोजे (रांगताना एक भिजतोच), 8x42 दुर्बीण, पिशवीत एक कोरडा लोकरी थर. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. 1:25,000 चा ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा आणि होकायंत्र प्रत्येकाकडे असावं, फक्त स्टॉकरकडे नव्हे.

चौघांनी एकत्र जवळ जायचं नसतं. स्टॉकरबरोबर एक नेमबाज, फार तर आणखी एक जण. बाकीचे टेहळणीच्या जागी दगडाआड थांबतात आणि दुर्बिणीतून सगळं बघतात. खरं तर कळपाच्या हालचाली समजून घ्यायला ती जागा जास्त चांगली. पाळी सकाळीच लावून घ्या, डोंगरावर कुजबुजत वाद नको.

साडेदहाला पहिली टेहळणी झाली. समोरच्या डोंगराच्या वाटीसारख्या कुशीत, तिथे त्याला कॉरी म्हणतात, चौदा माद्या आणि एक स्टॅग होता. वारा नैर्ऋत्येचा, कड्यावर चेहऱ्यावर स्वच्छ लागत होता. त्या हिशेबाने ईशान्येकडून, ओढ्याच्या खाचेतून वर चढायचं ठरलं. अर्धी खाच चढून जाईपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक मादी उठली, मान ताणून आमच्या दिशेला पाहिलं, कुत्र्यासारखी एकदा भुंकली आणि दोन मिनिटांत कूस रिकामी झाली. कुणी दिसलं नव्हतं, आवाजही झाला नव्हता.

झालं असं की कड्यावरून येणारा वारा कॉरीत उतरताना गुंडाळला जातो. कड्याच्या आडोशाच्या बाजूला तो भोवऱ्यासारखा फिरून उलटा, तळातून वर येतो. कड्यावर नैर्ऋत्येचा असलेला वारा खाचेत ईशान्येचा झाला होता, आणि माणसाचा वास हरणाला किलोमीटरभरावरूनही पोचतो. म्हणून चेहऱ्यावरच्या वाऱ्यावर विसंबू नका. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, दर शंभर पावलांवर एक फुंकर सोडा आणि ती कुठे जाते ते नजर पोचेपर्यंत बघत राहा. बाटली ओली झाली तर पाणथळ जागेतल्या कापूसगवताचा चिमूटभर कापूस चालतो. दूरच्या उतारावरचं गवत कुठे झुकतंय, धुकं कुठे सरकतंय हे दुर्बिणीतून बघा. तिथला वारा तुमच्या इथल्यासारखा असेलच असं नाही. निरभ्र, थंड सकाळी हवा उतारावरून खाली वाहते. ऊन लागून उतार तापला की ती वर चढू लागते. हा बदल होत असताना तासभर वारा कुठल्याच बाजूचा राहत नाही. त्या वेळात बसून चहा घ्यावा.

बिथरलेल्या कळपामागे धावत जाऊ नये. तो पुढच्या दरीतल्या कळपालाही घेऊन निघतो.

दुपारी एकला दुसरा कळप दिसला. हरणं बहुधा वाऱ्याकडे पाठ करून बसतात: मागची बाजू नाकाने राखली जाते, खालचा उतार डोळ्यांनी. म्हणून शक्यतो आडव्या वाऱ्याने आणि वरून जायचं. त्यासाठी कड्याला तीन किलोमीटरचा वळसा पडला. जवळचा रस्ता दिसत असताना लांबचा घ्यायला जिवावर येतं, पण घ्या.

शेवटचे दोनशे मीटर पोटावर. पीटच्या काळ्या, पाण्याने भरलेल्या मातीतून सरपटताना कोपर ढोपर सगळं भिजतं, ते धरूनच चाला. पाण्याने काही बिघडत नाही, वर निघालेल्या अवयवाने बिघडतं. नवख्या माणसाची कंबर वर राहते आणि टाचा उभ्या होतात. टाचा बाहेरच्या बाजूला आडव्या टाका, गाल हीदरला, म्हणजे तिथल्या बुटक्या झुडपांना, टेकवा, पुढच्याचे बूट सोडून दुसरं काही पाहू नका. हरीण कुठे आहे हे बघायला डोकं वर काढणं ही सगळ्यात नेहमीची चूक. स्टॉकर थांबला की जसे असाल तसे थांबा, पाय हवेत असला तरी. रायफल कव्हरमध्ये, मॅगझिन भरलेलं पण चेंबर (गोळी जिथून सुटते तो कप्पा) रिकामं, आणि ती स्टॉकरच्याच हातात. चेंबरमध्ये गोळी शेवटच्या जागी पोचल्यावरच जाते.

एकशेवीस मीटरवर उंचवटा मिळाला. रायफल पिशवीवर टेकवल्यावर एक गोष्ट पाहायची राहून जाते: स्कोप नळीच्या चार-पाच सेंमी वर असतो. स्कोपमधून स्टॅग पूर्ण मोकळा दिसतो आणि नळीपुढे मात्र गवताचा गड्डा किंवा दगड असतो. गोळी त्याला लागून भलतीकडे जाते. नळीच्या रेषेत डोळा आणून एकदा बघा किंवा स्टॉकरला बघायला सांगा. स्टॅगच्या मागे मातीचा उतार हवा. आकाशरेषेवर उभ्या स्टॅगवर कधीही नाही, गोळी कित्येक किलोमीटर जाते. मागे दुसरं हरीण असेल तरी नाही, गोळी आरपार जाते. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने सगळ्यांना डोंगरात जबाबदारीने फिरण्याचा हक्क आहे. त्यामुळे पायी फिरणारे कुठूनही येऊ शकतात, आणि ते दिसले तर थांबायचं ते आपण.

स्टॅग बसलेला होता. बसलेल्या हरणावर गोळी चालवू नका: छातीचा कोन कळत नाही, पाय मध्ये येतात. तो उठायची वाट पाहत पन्नास मिनिटं गेली. या वेळात थंडीने बोटं बधिर होतात, म्हणून कोरडे हातमोजे घालून बोटं पोटाखाली दाबून ठेवा, आणि डोळा सतत स्कोपला लावू नका. तो उठला की आळस देतो, अंग झाडतो, बहुधा काही क्षण आडवा उभा राहतो. वेळ तेवढाच.

नेम असा: पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि छातीच्या उंचीचा खालून एक तृतीयांश भाग गाठा. तिथे हृदय आणि फुप्फुसं आहेत. समोरून, पाठमोरा किंवा चालता असेल तर ट्रिगरवरून बोट काढा. गोळी सुटल्यावर लगेच बोल्ट ओढून दुसरी चढवा आणि स्कोपमधून बघत राहा. बरोबर लागलेलं हरीणही तीस ते ऐंशी मीटर धावून पडतं, ते चुकलं असं समजू नका. पाठ कमानीसारखी वर करून हळू चालत गेलं तर गोळी पोटात लागली आहे. तेव्हा संधी मिळाली तर ताबडतोब दुसरी गोळी, नाहीतर जागेवरच थांबायचं. मागे लागलात तर ते मैलभर जाईल. लागल्या जागेची खूण लक्षात ठेवा. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, गडद काळपट यकृताचं, हिरवट आणि वास येणारं पोटाचं.

जवळ जाताना मागून जा, रायफल तयार ठेवून. डोळ्याला काठीचं टोक लावा. पापणी हलली नाही की मगच रायफल रिकामी करा, आणि ती रिकामी असल्याचं दुसऱ्याला दाखवा.

कोथळा अर्ध्या तासाच्या आत काढायचा, नाहीतर पोट फुगतं आणि मांस बिघडतं. गळ्याशी कातडं उघडून अन्ननलिका श्वासनलिकेपासून सोडवा आणि गाठ मारा, म्हणजे खाल्लेलं परत येत नाही. पोट उघडताना सुरीचं टोक दोन बोटांमध्ये वर धरा. कोठा फुटला की आतलं हिरवं पाणी मांसावर सांडतं, सगळी मेहनत वाया. आतड्यांजवळच्या, फुप्फुसांच्या आणि जबड्यामागच्या लसीकाग्रंथी बघायच्या: सुजलेल्या किंवा पू भरलेल्या असतील तर क्षयाचा संशय धरून सगळं बाजूला ठेवायचं. हे काम स्टॉकर करतो, पण शेजारी बसून बघा. हरणाबद्दल सगळ्यात जास्त तिथेच कळतं. स्टॅगच्या पोटात त्या दिवशी जवळजवळ काहीच नव्हतं. माजात नर चरणं सोडतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वाळतात. मांसासाठी यायचं असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा.

ओढून नेताना दोर शिंगांच्या बुडाला, डोकं पुढे, म्हणजे केसांच्या दिशेने घसरतं. उतारावर ओढणाऱ्याने बाजूला राहावं, थेट खाली नाही. ओल्या गवतावर ते अचानक सुटतं आणि पाय मोडतो. चारशे मीटर ओढायला दोघांना चाळीस मिनिटं लागली. तिथून आठ चाकी गाडीने खाली. काही इस्टेटी अजून या कामाला गॅरन नावाचे दणकट डोंगरी घोडे वापरतात. वाटेत ओढा चढलेला दिसला तर ओलांडू नका, वर फिरून जा.

साडेपाचला लार्डरमध्ये, म्हणजे इस्टेटच्या मांस ठेवायच्या खोलीत, वजन झालं: 82 किलो. टॅग लावून ते चिलरमध्ये टांगतात. मांसाचं तापमान 7 अंशांवर किंवा त्याखाली आणावं लागतं.

रायफल रात्रीच पुसून तेल लावा, पीटचं पाणी लोखंड लवकर गंजवतं. मग अंगावर गोचीड शोधा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या मुळाशी. ऑक्टोबरमध्येही त्या असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पोट दाबू नका. तेल किंवा पेटती काडी लावू नका. चावलेली जागा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल डाग दिसला तर ती तारीख डॉक्टरांना सांगा.