बॉर्डरवरची शुगर आणि यळ्ळूर रोड

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "बॉर्डरवर आहे." मी म्हटलं, "आमचं सगळंच बॉर्डरवर आहे डॉक्टर, त्यात ही एक शुगर." ते हसले नाहीत. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं होतं. ५.७ च्या खाली असलं तर बरं, ६.५ पासून डायबेटीस धरतात. माझी आई याच वाटेनं गेली. आधी 'बॉर्डरवर', मग गोळी, मग इन्सुलिन, शेवटी पायाची न भरणारी जखम. ती जखम सात महिने मी रोज धुऊन बांधलेली आहे, त्यामुळं मलाही फार वेळ हसता आलं नाही.

वय तेव्हा ४६. घर बेळगावच्या वडगावात, नोकरी शहरातल्या एका सोसायटीत, कॅशियर. (आमच्याकडं सोसायटी म्हणजे पतसंस्था. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं.) दहा ते सहा खुर्चीत, हात तेवढे चालू.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तशी चालायला लागले. पळायला मात्र मला कुत्र्यानं शिकवलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक तांबडं कुत्रं आहे. एका पहाटे ते अंगावर आलं आणि मी पदरासकट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पळाले. कुत्र्यापुढं पळू नये, जागेवर थांबावं, हे नंतर कळलं. तिथं उभी राहून धापा टाकताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, शाळा सुटल्यापासून मी पळालेच नव्हते. दुसरी, बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी चप्पलच्या जागी मुलाचे जुने बूट घातले, साडीच्या जागी पंजाबी ड्रेस, आणि कुत्रं नसताना तेवढंच अंतर पळाले. मोजलं तर दोनशे पावलं.

मोजायची सवय धंद्याची आहे. नोटा शंभराच्या गड्डीनं मोजते तशी पावलंही शंभरानं मोजते, शंभर झाली की एक बोट दुमडायचं. आजही घड्याळ असूनसुद्धा बोटं दुमडतातच.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, आधी ईसीजी आणि टीएमटी करून घ्या. त्या पट्ट्यावर पळवून हृदय बघतात ते. हृदय ठीक निघालं, हिमोग्लोबिन ९.८. बाईला बाराच्या वर पाहिजे. म्हणजे दम लागत होता तो वयाचा नव्हता, रक्ताचा होता. लोहाची गोळी सुरू झाली, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहापासून तासभर तरी लांब. गोळी सोपी, चहा लांब ठेवणं अवघड. पण महिना-दीड महिन्यात जिना चढताना फरक कळायला लागला. चाळिशीपुढच्या बायकांनी पळायचे बूट घ्यायच्या आधी हिमोग्लोबिन बघावं, असं मी आता भेटेल तिला सांगते.

पहिला हिवाळा मी वाया घालवला, तो असा.

यळ्ळूर रोडवर पहाटे भरतीची पोरं पळतात. अग्निवीरसाठी १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण गुण मिळतात, त्यासाठी आसपासच्या गावांतली वीस-बावीस पोरं अंधारात तयारी करत असतात. मी त्यांच्या मधेमधे. "मावशी, बाजू!" म्हणून झपकन निघून जायची. एक जण रोज म्हणायचा, "मावशी, दम काढा की जरा!" मला चेव आला. डिसेंबरात रोज, एकही दिवस न चुकता, जीव खाऊन पळाले. पाच किलोमीटरपर्यंत मजल गेली. घरी येऊन अर्धा तास बोलता यायचं नाही, पण मला वाटायचं, चला, मेहनत होतेय.

संक्रांतीच्या आठवड्यात दोन्ही नडग्या धरल्या. आतल्या कडेनं, घोट्याच्या वरपासून वीतभर. काउंटरवरून उठताना टेबल धरायला लागलं. हाडाच्या डॉक्टरांनी अंगठ्यानं दाबत दाबत वर नेलं. एकाच ठिकाणी सुई टोचल्यासारखं दुखलं असतं तर हाडाला चीर असायची शक्यता, आणि ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही, म्हणाले. माझं सगळीकडं पसरून दुखत होतं. म्हणजे शिन स्प्लिंट, जास्त पळून नडगीला येणारं दुखणं. महिनाभर पळणं बंद, बर्फानं शेकायचं. घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कोण मागं लागलं होतं काय गं?"

मग उन्हाळा, मग आमचा पाऊस. बेळगावात जूनला लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही. मी चालत राहिले.

शेजारी सुभेदार काका आहेत. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा, आता फक्त सायकल. माझी नडगीची गोष्ट ऐकून म्हणाले, "पळता पळता तू कुणाशी बोलतीस?" म्हटलं, "बोलायला दम कुठं राहतो?" "मग ते पळणं नव्हे, ती भरती. तुला काय भरती व्हायचंय?"

ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरुवात केली ती काकांच्या सायकलबरोबर. अट एकच, पळताना मला बोलता आलं पाहिजे. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि पळायच्या मिनिटात मी त्यांना काल कुठल्या खात्यात किती भरणा झाला ते सोडून बाकी काहीही सांगायचं. वाक्य तुटलं की चालायचं. इतकं हळू पळायची लाज वाटायची. दूधवाले हसत पुढं जायचे. एका कन्नड दूधवाल्यानं तर गाडी हळू करून काळजीनं विचारलं, "याक अक्कारं, कालु नोवेनु?" पाय दुखतो का म्हणून. त्याला वाटलं मी लंगडतेय.

हळू पळणं माझ्या डोक्यात बसेना. ते बसलं पिग्मीमुळं. आमच्या सोसायटीचे एजंट दुकानोदुकानी फिरून रोज पन्नास-शंभर गोळा करतात, भाजीवाल्या बाईचेसुद्धा. ही योजना १९२८ मध्ये उडुपीला सुरू झाली, तेव्हा रोज दोन आणे घ्यायचे म्हणे. पिग्मीत एका दिवशी पाच हजार भरून मग महिनाभर गायब होणारा गिऱ्हाईक कुठल्याच एजंटला आवडत नाही. आणि मुदतीआधी मोडली तर कापून घेतात. माझा पहिला हिवाळा म्हणजे मुदतीआधी मोडलेली पिग्मी. एकदा हे असं डोक्यात आल्यावर पोरं "मावशी, बाजू!" म्हणाली की मी बाजूला व्हायला लागले, मुकाट्यानं.

काकांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. पळताना पाणी प्यायचं नाही, असा त्यांचा जुना हुकूम. थंडीत तहान लागत नाही, घाम अंगावरच सुकतो, त्यामुळं मलाही पटलं. नोव्हेंबरात एका रविवारी दीड तासानंतर घरी आले ती दिवसभर डोकं धरून पडले. तेव्हापासून अर्ध्या लिटरची बाटली, चिमूटभर मीठ-साखर-लिंबू, दर वीस मिनिटाला दोन घोट. काका बघतात आणि तोंड फिरवतात.

खरेदीबद्दल थोडं. खडेबाजारात बूट घेतले ते सकाळी, नेहमीच्या मापाचे. दीड महिन्यात दोन नखं काळी पडून गळाली. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा पाहिजे. बुटांपेक्षा जास्त उपयोगी खरेदी स्पोर्ट्स ब्रा. ती मागायला तीन दुकानं फिरले, तिन्ही ठिकाणी काउंटरला पुरुष. शेवटी भाचीनं मोबाइलवरून मागवून दिली. यावर आमच्यात कोणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

आता थंडी. जानेवारीत पहाटे आमच्याकडं तेरा-चौदा अंश असतं. उत्तरेकडचा माणूस हसेल, हसू दे. पाच वाजता गोधडीतून पाय बाहेर काढायचा तो क्षण सगळ्यांत वाईट, पळणं त्यापुढं काहीच नाही. मी कपडे रात्रीच उशाला ठेवते, मोजे बुटांत खोचून, टॉर्च बुटावर. सुरुवातीला स्वेटर, शाल, माकडटोपी सगळं घालून निघायचे आणि दोन किलोमीटरवर अर्धं कमरेला बांधलेलं असायचं. आता पूर्ण बाह्यांचा एकच टी-शर्ट, कानाला स्कार्फ, आणि नवऱ्याच्या साइटवरचं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. घरातून निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे, तर मापात कपडे झाले. पहिली दहा मिनिटं चालायचंच. गार हवेत एकदम पळाले की छातीत कुणी दोरी आवळल्यासारखं होतं. आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

वडगाव सुटलं की दोन्हीकडं शिवार. सुगी आटोपलेली, भाताच्या कापणीनंतर राहिलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा उगवून आलेला. धुकं इतकं खाली असतं की उभ्या माणसाचं डोकं दिसतं आणि कंबर दिसत नाही. कुठंतरी शेकोटीचा वास. भात वाळत टाकलेला असला तर रस्त्याकडेला दगड लावून हद्द आखलेली असते, अंधारात त्या दगडाला दोनदा ठेचकाळले. मग यळ्ळूरची वेस. 'महाराष्ट्र राज्य, यळ्ळूर' हा फलक इथंच होता, सीमावादात २०१४ मध्ये काढला, त्यावेळी काय झालं ते इकडच्या कुणाला सांगायला नको. माझी वळायची खूण मात्र तीच राहिली. काका विचारतात, "आज कुठवर?" मी म्हणते, "बोर्डापर्यंत." घरापासून साडेपाच किलोमीटर.

नियम साधे ठेवले. आठवड्यात चार दिवस, मधे एक दिवस सुट्टी. तीन दिवस छोटं, रविवारी लांब. दर आठवड्याला एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनीच वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. डिसेंबरअखेर बोर्ड गाठून परत, ११ किलोमीटर, न थांबता. जानेवारीच्या शेवटी १६. लांब पळायच्या दिवशी निघण्याआधी एक उकडलेलं रताळं. आमच्या पश्चिम भागातली रताळी, पळणारे चोखतात त्या पाकिटातल्या जेलला त्यांची सर नाही. आणलं होतं एकदा ते जेल, औषधासारखं लागलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी २१ किलोमीटर, म्हणजे हाफ मॅरेथॉन, करायचं ठरवलं. शर्यत नाही, छातीवर नंबराचं बिब नाही, मेडल नाही. घर ते राजहंसगड आणि परत. सव्वापाचला निघाले. बोर्डापर्यंत काकांशी बोलत, तिथून त्यांना परत पाठवलं, कारण चढावर त्यांचा गुडघा बोलतो. चांगळेश्वरीला रस्त्यावरूनच हात जोडले. गडाचा चढ मी चालत चढले, पळायचा विचारही केला नाही. वर शिवरायांचा पुतळा धुक्यात अर्धा. मार्च २०२३ मध्ये याचं आठवडाभरात दोनदा उद्घाटन झालं, दोन पक्षांकडून. आमच्याकडं महाराजांनाही दोनदा यावं लागतं. पाच मिनिटं तटावर बसले, गूळ-शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. खाली सगळं शिवार पांढरं.

उतरताना मांड्या भरून आल्या. सतराव्या किलोमीटरला बोटं दुमडायची विसरले, म्हणजे दमले होते. भरतीची पोरं तोवर आटोपून मोटरसायकलवर बसून घरी चालली होती. त्यातला तो "दम काढा" वाला गाडी हळू करून म्हणाला, "मावशी, अजून हायच?"

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा घड्याळात १९.६. मी घर ते गड १०.५ धरलं होतं, ते निघालं ९.८. आता काय करायचं? दारातून वळले आणि गल्लीतल्या गल्लीत चकरा सुरू केल्या. त्याच वेळी नळाला पाणी आलेलं. कळशा, बादल्या, पाइपा घेऊन सगळी गल्ली रस्त्यावर. पहिल्या चकरेला बायका बघत राहिल्या. दुसऱ्या चकरेला एक म्हणाली, "वहिनी, हरवलंय काय?" तिसऱ्या चकरेला तांबडं कुत्रं शेपूट हलवत चार पावलं बरोबर आलं. चौथ्याला सासूबाई दारात, पाइप हातात, "अगं पाणी जाईल आता, ये की!"

"आत्ती, शंभर मीटर!"

"शंभर का फिंबर, टाकी अर्धीच भरलीय!"

२१.१. तीन तास नऊ मिनिटं. घड्याळ बंद केलं, पाइप हातात घेतला आणि बुटांसकट टाकीवर चढले.