बकुळा माझ्यामागे राहणार म्हणे

परवा नालबंद येऊन गेला. पावसाआधी बकुळा आणि जनी, माझ्या दोघी गाढविणींचे खूर तासून घ्यावेच लागतात, नाहीतर चिखलात मऊ पडून कुजायला लागतात. बकुळाचे दात बघून सहज म्हणाला, "ताई, बारा-तेराची असेल ही. नीट सांभाळताय, अजून वीस वर्षं कुठं जात नाही. तुमच्यामागे पण राहील." आणि लागला पुढच्या पायाला.

तेव्हापासून डोक्यात तेच. एकसष्ट अधिक वीस. गाढव तिशी ओलांडतं हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण माझ्याच अंगणात उभं राहून असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. रात्री झोप नाही, माझ्यामागे यांना बघणार कोण? ह्यांनी निदान... जाऊ दे.

वाशीची सेक्टरं उभी राहत होती तेव्हा रेती वाहणाऱ्या गाढवांच्या मागे मागे मी कुठवर जायचे, आई म्हणायची देऊन टाका हिला त्यांच्यातच. आता खारघरला एवढी बांधकामं चाललीत पण गाढव औषधाला दिसत नाही. पशुगणनेत २०१२ ला देशभरात ३ लाख २० हजारांच्या आसपास होती, २०१९ ला १ लाख २० हजार. त्यातली दोन माझ्याकडे, म्हणून गल्लीत माझं नाव काय पडलंय ते सांगायला नको. नाथांनी कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं ही गोष्ट सगळ्यांना पाठ, पण शेजारी गाढव ओरडलं की लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज.

आज दुपारी सर आली तेव्हा दोघी शेडच्या कडेला उभ्या, नाकं तेवढी बाहेर. घोड्यासारखं यांच्या केसांवरून पाणी ओघळून जात नाही, आतपर्यंत भिजतात आणि मग आजारी पडतात, म्हणून पाऊस यांना अजिबात चालत नाही. जनीनं मान बकुळाच्या पाठीवर टाकलेली, खांद्यावरच्या काळ्या रेघेवर बरोब्बर. यांची ताटातूट केली तर खाणं सोडतील, आणि गाढवानं खाणं सोडलं की रक्तात चरबी वाढून बघता बघता हातचं जातं. म्हणजे माझ्यामागे एकीला कोणी नेलं आणि दुसरीला नाही, तर संपलंच. परत तेच.

भाचा फोनवर म्हणाला मावशी मी बघेन ना. ज्याच्याकडे तुळस जगत नाही तो. सुनेनं विषयच बदलला, तिचं पण बरोबर आहे म्हणा.

मग संध्याकाळी पेंढा टाकताना एकदम हसूच आलं. मी जाऊन बसणार वर आणि ही इथे आरामात खात उभी, खूर तासायच्या पैशाची चिंता दुसऱ्याला. वकिलाला फोन करून ठेवलाय. लिहून ठेवणार की दोघी एकत्रच जातील, आणि घर ज्याला हवं त्यानं गाढवं पण घ्यायची. बघू कोणाकोणाला भूतदयेचं भरतं येतंय.