घर का दिलंत, असं विचारलंत म्हणून

'जुन्या घरांविषयी एवढं पोटतिडकीनं बोलता, मग बेळगावातलं, शहापूरचं स्वतःचं घर बिल्डरला का दिलंत?' लग्नात, कपिलेश्वराच्या देवळात, भाजी घेताना कुणी ना कुणी विचारतंच. आजवर वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

पैशासाठी दिलं नाही, असं म्हणणार होतो. ते पूर्ण खरं नाही. जागा साडेतीन गुंठे, हिस्से चार भावंडांचे. गुंठ्याचा भाव असा चढलेला, की एकाचाही हिस्सा विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. पुण्याच्या भावाला त्याचा वाटा हवा होता. त्यात त्याचं काय चुकलं? त्याचेही तिथे घराचे हप्ते आहेत.

पण घर हातचं गेलं ते सह्यांच्या आधीच, रस्त्याच्या मोजणीच्या दिवशी.

माणसं सकाळी आली, टेप धरला, लाल ऑइलपेंटनं खूण केली. मला वाटलं होतं कट्टा जाईल, फार तर पायरी. खूण पडली सोप्याच्या आत, देवळीच्या खाली. आजोबांचा हातमाग याच सोप्यात होता. मागाचा खड्डा वडिलांनी बुजवला, तरी पावसाळ्यात तिथली फरशी खचायची. नोटीस कन्नडमध्ये होती. मला वाचता येतं, आईला नाही. मी अर्थ सांगत गेलो, तिनं 'नऊ फूट' एवढंच ऐकलं. दुपारी पाहतो तर ती ओल्या फडक्यानं खूण पुसत होती. निघेना, म्हणून रॉकेल लावलं. रंग गेला नाही, पसरला. चार बोटांची रेघ हातभर झाली. मी तिला थांबवलं नाही. तिन्हीसांजेला तिनं देवळीत दिवा लावला आणि त्या डागाकडे बघत म्हणाली, "पुसायला नको होतं रे."

रस्ता रुंद व्हायला हवा असं मीच म्हणत होतो, हे मला अजून सलतं. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हा कामावर कुंदा वाटणारा मीच. आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स अडकलेली मी पाहिली आहे, रस्ता नको असं आजही म्हणवत नाही. पण नऊच्या नऊ फूट आमच्याच बाजूनं का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

दर्शनी भिंत गेली आणि आढ्याचा आधार गेला. भिंती मातीच्या, पाऊस बेळगावचा. गवंडी म्हणाला, दोन पावसाळे निघतील, तिसऱ्याची खात्री देत नाही. किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, पुरातत्त्व खातं सांभाळतं, सांभाळायलाच हवी. आमचं घर सांगली संस्थानच्या काळातलं, पण विणकराचं. ते कुठल्याच यादीत नव्हतं. अशा घराचा वासा बदलायचा तर ज्याचा त्यानं बदलायचा. 'जपा, जपा' म्हणणारं कुणी तेव्हा दारात आलं नाही. आणि दुसऱ्यांच्या घरांबद्दल तसं म्हणणारा मीही कुणाच्या दारात गेलो नव्हतो.

आता तिथे चार मजले आहेत. तिथल्या फ्लॅटचे भाव गल्लीतल्या पोरांना झेपत नाहीत. लग्न ठरलं की ती पिरनवाडी, मच्छेकडे जागा बघतात. हे माझ्यामुळे झालं का? थोडं झालं. सोपा गेला तरी माजघर आणि परसू नीट करून राहता आलं असतं, असं काही रात्री ठाम वाटतं. सकाळी गवंड्यानं कागदावर मांडलेला खर्च आठवतो.

कौलं मात्र विकली नाहीत. मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का असलेली आठशे कौलं हिंडलग्याला धाकट्या भावाच्या जागेत रचून ठेवली आहेत. कशाला ठेवलीस, असं तोही विचारतो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.