चूक आहे हे माहीत असूनही सभेत हात वर का जातो?

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशने १९५० च्या दशकात केलेला रेघांचा प्रयोग अनेकांना ठाऊक असतो. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यांतली पहिलीएवढी कुठली ते मोठ्याने सांगायचं. एकट्याने उत्तर देताना लोक क्वचितच चुकत. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशचे साथीदार होते आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ते ठरवून चुकीचं उत्तर देत. त्या फेऱ्यांत खऱ्या सहभागींची सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाच्या मागे गेली. तेच उत्तर गुपचूप कागदावर लिहू दिलं की हे प्रमाण खूप घसरायचं. म्हणजे डोळ्यांना बरोबर दिसत होतं, चारचौघांत वेगळं पडणं नको होतं.

सुमारे चतुर्थांश लोक एकदाही झुकले नाहीत. त्यांतल्या काहींना स्वतःच्या नजरेची खात्री होती. काही मात्र आतून डळमळले होते, तरी जे दिसतं तेच सांगणं हे आपलं काम, म्हणून ठाम राहिले. खरं तेच सांगायचं, हे मनात जपलेलं मूल्य कामी येतं ते असं.

पण नुसतं मूल्य पुरत नाही. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरन आणि सहकाऱ्यांनी साक्षीदाराने संशयित ओळखावा तसा प्रयोग केला: आधी एका माणसाचं चित्र पाहायचं, मग त्याला अनेकांतून ओळखायचं. इथेही साथीदार काही फेऱ्यांत ठरवून चुकीचं उत्तर देत. काहींना काम महत्त्वाचं असल्याचं सांगून बक्षीसही ठेवलं. चित्र नीट पाहायला मिळालं, तेव्हा महत्त्व वाढताच गटामागे जाणं ३३ वरून १६ टक्क्यांवर आलं. चित्र अर्धा सेकंदच दिसलं, तेव्हा ते ३५ वरून ५१ वर गेलं! तळमळ आहे पण माहिती अपुरी, असा माणूस इतरांकडे जास्तच पाहतो. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष हाच.

म्हणून सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा ठराव येणार असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी स्वतः वाचा. चर्चेपूर्वी प्रत्येकाचं मत चिठ्ठीवर घ्या. हात वर करायला लावलं की पहिले तीन हात बाकीच्यांना ओढतात. अध्यक्षांनी शेवटी बोलावं. आणि एक सोबती शोधा. ॲशच्या प्रयोगात बरोबर उत्तर देणारा एकजण मिळताच झुकणं सुमारे चौथ्या हिश्श्यावर आलं. तो मध्येच बहुमताकडे वळला की मात्र ते पुन्हा उसळलं. तेव्हा मतदान होईपर्यंत तो टिकणार ना, हे आधीच विचारून घ्या.