बदामाखालची झाडलोट

स्मरणिकेसाठी आठवण लिहायला बसलो तेव्हा गॅदरिंग, सहल असलं काही सुचेल असं वाटलं होतं. आठवला तो खराटा. आमच्या वेळी उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या कोपऱ्यातल्या देशी बदामाखाली झाडलोट करावी लागे. माझं घर शाळेपासून चार मिनिटांवर, त्यामुळे मी रोज उशिरा.

नववीतला पौष होता. मागे अजिंक्यतारा गवत वाळून करडा पडलेला आणि पुढे हा बदाम लालभडक. विज्ञानाचे सर माझ्या ढिगाजवळ येऊन थांबले. म्हणाले, "लाल एकीकडे कर, पिवळी एकीकडे." शिक्षा दुप्पट झाली. वर प्रश्न, "पिवळा रंग कुठून आला?"

"पान पिकलं की तयार होतो, सर."

"तयार होत नाही. तो पहिल्यापासून होताच. हिरवा गेला म्हणून दिसला."

पटलं नाही. मग प्रयोगशाळेत एक हिरवंगार पान खलात कुटलं, त्यात स्पिरिट ओतलं आणि खडू उभा केला. थोड्या वेळाने रंग खडूवर चढला. खाली हिरवा आणि त्याच्या डोक्यावर चक्क पिवळा पट्टा! पान गळायच्या आधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं, नत्रासारखा कामाचा माल फांदीत ओढून घेतं, आणि इतके दिवस झाकलेला पिवळा उघडा पडतो. घर सोडताना आपण खिडक्यांचे पडदे काढून नेतो, तसंच.

लाल मात्र नवा बनतो, आणि खरी गंमत त्याच्यातच आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा पडदा धरू लागला की पानात बनलेली साखर पानातच अडकते. त्या साखरेला ऊन मिळालं की लाल रंग धरतो. सरांनी व्हरांड्यात तापमापक टांगला आणि सकाळचा आकडा वहीत उतरवायचं काम माझ्याकडे दिलं. (उशिरा येणं त्या दिवसापासून बंद. सरांचा डाव मला फार उशिरा कळला.) दिवसा स्वच्छ ऊन, रात्री बारा-तेरा अंशांचा गारठा असला की ढीग लाल. आठवडाभर आभाळ भरून राहिलं की पानं मळकट, तपकिरी. दक्षिणेकडची उन्हातली फांदी लाल, भिंतीच्या सावलीतली पिवळी. एका पानावर दुसरं पान टेकलेलं असेल तर खालच्यावर त्याची पिवळी सावली छापलेली. आमच्या वर्गातल्या एका महाभागाने पानावर काळा कागद डकवून स्वतःच्या नावाचं आद्याक्षर उमटवायचा उद्योग केला. उमटलं जेमतेम, पण छडी व्यवस्थित उमटली.

पुढे नोकरीने मला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला नेलं. तिथे सप्टेंबरअखेर माणसं गाड्या काढून उत्तरेला व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरकडे निघतात, ती निव्वळ पानं बघायला. शुगर मॅपलचे डोंगरच्या डोंगर पेटलेले. दिवस लहान होऊ लागला की तिथली झाडं आवराआवर सुरू करतात. रंग किती खुलायचा, ते हवेच्या हाती. उन्हाचे दिवस आणि गार पण न गोठवणाऱ्या रात्री लाभल्या तर लाल भरून येतो. कडक हिम लवकर पडलं तर पान रंगायच्या आतच मरतं, उबदार पावसाळी हवेत लाल फिका राहतो. २०१६ साली त्या भागात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आमच्या रस्त्यावरची काही झाडं ऑगस्टमध्येच कडेने करपली. शेजारी हळहळले. मला साताऱ्याची आठवण झाली, कारण आपल्याकडे बहुतेक पानगळ पाण्याच्या टंचाईनेच होते. पावसाळा संपतो, जमीन सुकत जाते, आणि पुढचे महिने काढायचे म्हणून झाड पानांचा खर्च कमी करतं. तिथल्यासारखा अख्खा डोंगर एकदम रंगत नाही. एखादा बदाम, एखादी शेमट, बाकी नुसता पाचोळा. तरी मला विचाराल तर व्हरमाँटचं कौतुक थोडं जास्तच होतं. आपण दुसरा अंक बघतच नाही.

तो सरांनी दाखवला. मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, यवतेश्वरच्या घाटात नेऊन. वळणावर एक कुसुंब तांबडालाल उभा होता.

"सर, पानगळ!" आम्ही ओरडलो.

"हात लावून बघा."

पान वाजलं नाही. ओलसर, मऊ, बाळाच्या कानाच्या पाळीसारखं लुसलुशीत होतं. बदामाला जाताना जो लाल चढला, त्याच जातीचा लाल या पानाला येताना चढला होता. कोवळ्या पानाला ऊन सोसत नाही, तोवर तो रंग त्याला पांघरुणासारखा उपयोगी पडतो, असं सर सांगत होते. आमचं लक्ष नव्हतं. पंचेचाळीस पोरं त्या झाडाभोवती पानं गालाला लावून उभी होती.