कॅमेरा वाहणारे विमान: आधी प्रोपेलर, मग गिअरबॉक्स

विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानावर कॅमेरा बसवायचे ठरले, की बहुतेक जण आधी मोटार विकत घेतात, मग तिला झेपेल असा प्रोपेलर शोधतात आणि गिअरबॉक्सचा विचार अगदी शेवटी, मोटार तापू लागली की करतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. अशा विमानाला वेगापेक्षा संथपणा आणि स्थिरपणा महत्त्वाचा असतो. म्हणून हिशेब पंखापासून सुरू करावा, पंखावरून प्रोपेलर ठरवावा आणि प्रोपेलरवरून गिअर.

सध्या ज्या विमानावर माझे काम चालू आहे त्याचेच उदाहरण घेतो. कॅमेरा आणि बॅटरीसकट वजन 1200 ग्रॅम आणि पंखाचे क्षेत्रफळ 36 चौरस डेसिमीटर आहे. आता हवेचा विचार करू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा 35 अंशांवर गेला की इथल्या हवेची घनता दर घनमीटरला 1.225 किलोग्रॅम या प्रमाण आकड्यावरून 1.07 च्या आसपास उतरते, म्हणजे साधारण 12 ते 13 टक्के घट. प्रोपेलरच्या तक्त्यांत छापलेला थ्रस्ट (प्रोपेलरचे ओढण्याचे बल) बहुधा प्रमाण हवेचा असतो, तो आपल्या उन्हाळ्यात तसाच्या तसा धरू नये. या विरळ हवेत माझे विमान ताशी सुमारे 28 किलोमीटरला स्टॉल होईल, म्हणजे त्याहून संथ गेले तर पंख वजन पेलू शकणार नाही, असे गणित सांगते, आणि निवांत चित्रण करायचे तर ताशी 40 च्या आसपास उडावे लागेल.

यावरून पिच ठरते. हवा घट्ट पदार्थ असती तर एका फेऱ्यात प्रोपेलर जितका पुढे सरकला असता, ते अंतर म्हणजे पिच. पिच आणि फेरे यांच्या गुणाकारातून येणारा वेग स्टॉलच्या वेगाच्या सव्वादोन ते अडीच पट असला, की चढण्यासाठी पुरेशी शिल्लक राहते आणि शक्ती वायाही जात नाही. 7 इंच पिचचा प्रोपेलर मिनिटाला 6000 फेरे फिरवला, तर हा वेग ताशी 64 किलोमीटर येतो. माझ्या कामाला तो पुरेसा आहे.

व्यास मोठा का हवा, हे आकड्यांत पाहिले की गिअरबॉक्सचे प्रयोजन आपोआप कळते. थोडी हवा जोराने मागे ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलणे नेहमीच स्वस्त पडते. जागेवर उभे राहून 550 ग्रॅम थ्रस्ट मिळवायला 6 इंची प्रोपेलरला, अगदी आदर्श परिस्थितीतही, 63 वॉट लागतात, तर 10 इंची प्रोपेलरला 38. पण मोठा प्रोपेलर हळू फिरवावा लागतो आणि मोटार वेगाने फिरते, म्हणून मध्ये गिअर हवा. साध्या एका टप्प्याच्या गिअरमध्ये जाणारे तीन ते पाच टक्के या फरकापुढे काहीच नाहीत. राइट बंधूंनी 1903 मध्ये हेच केले होते. मिनिटाला हजारभर फेरे घेणारे त्यांचे इंजिन 8 आणि 23 दातांच्या चक्रांवरून साखळीने साडेआठ फुटी प्रोपेलर साडेतीनशेच्या आसपास फिरवत असे. कॅमेरे घेऊन तासन्‌तास घिरट्या घालणाऱ्या प्रीडेटर या बिनवैमानिक विमानातील रोटॅक्स 914 इंजिनालाही 2.43:1 चा गिअरबॉक्स आहे.

मी एपीसी कंपनीचा 10×7 (10 इंच व्यास, 7 इंच पिच) स्लो फ्लाय प्रोपेलर निवडला. त्याची पाती रुंद आणि पातळ असतात, म्हणून कंपनीने कमाल फेऱ्यांची मर्यादा 65,000 भागिले इंचांतील व्यास, म्हणजे इथे 6500, अशी दिली आहे. ही मर्यादा काटेकोरपणे पाळावी, कारण उड्डाणात प्रोपेलरवरचा भार हलका होऊन फेरे वाढतात. जमिनीवर 6000 च धरण्याचे कारण हेच.

आता गिअर. माझ्याकडची इनरनर (आतला भाग फिरणारी) मोटार 3000 केव्हीची, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला 3000 फेरे घेणारी आहे. तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर भाराखाली ती मिनिटाला 25,000 च्या आसपास फिरेल. तिला 6000 वर आणायचे तर 12 दातांचा पिनियन (मोटारीवरचे छोटे चाक) आणि 50 दातांचे मोठे चाक, म्हणजे 4.17:1, बरोबर बसते. इथे एका दाताचीही किंमत मोठी आहे. पिनियन 13 दातांचा केला तर फेरे आठ टक्क्यांनी वाढतात, पण शक्ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे मोटारीवरचा भार जवळपास पाव पटीने चढतो. सुमारे 720 केव्हीची आउटरनर (बाहेरचे कवच फिरणारी मोटार) थेट लावूनही हेच काम होते आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीच सुचवेन. पण विमानाचे नाक निमुळते असेल आणि हाताशी चांगली इनरनर असेल, तर गिअरबॉक्स अजूनही सरस ठरतो.

जोडणी करताना पिनियन आणि चाक यांच्यामध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी घालावी, मोटार त्यावर दाबून स्क्रू आवळावेत आणि मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या घड्या सारख्या उमटल्या आणि ती कुठे फाटली नाही, तर दातांमधला प्ले (मोकळीक) योग्य आहे. दोन चाकांच्या गिअरमध्ये फिरण्याची दिशा उलटते. ब्रशलेस मोटारीच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की काम भागते. ब्रशच्या मोटारीत मात्र टायमिंगही (ब्रशांचा कोन) उलट्या दिशेसाठी जुळवावे लागते. पोटावर उतरणाऱ्या विमानाला मिटणारा प्रोपेलर लावणार असाल, तर पाती मिटावीत म्हणून प्रोपेलर थांबवणारा ईएससीचा (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक सौम्य ठेवावा, कारण झटक्याने थांबणारा प्रोपेलर दात खातो.

चित्राच्या दृष्टीने खरा शत्रू थरथर. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100, आणि प्रोपेलरचे एक पाते किंचित जड असले तरी दर फेऱ्याला एक धक्का थेट कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोहोचतो. रोलिंग शटरमध्ये चित्र ओळीओळीने टिपले जात असल्याने सरळ बांध लाटांसारखे वाकडे दिसतात, आणि भर उन्हात शटरचा वेळ फार छोटा असल्याने ते अधिकच उठून दिसते. म्हणून जड पाते मागच्या बाजूने बारीक पॉलिश पेपरने घासून प्रोपेलर संतुलित करावा, कॅमेऱ्याखाली मऊ फोम द्यावा आणि लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करून शटरचा वेळ वाढवू देणारी काच) लावावा. गिअरच्या दातांची थरथर याहून पुष्कळ वेगवान असते. ती फोममध्ये सहज जिरते, तिची फार काळजी करू नये.

शेवटी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर, विमान घट्ट धरून, वॉटमीटर लावून थोडाच वेळ पूर्ण थ्रॉटल द्यावा. माझ्या गणिताने साधारण 9 अँपिअर यायला हवेत. आकडा 12 च्या वर गेला, तर प्रोपेलर तोच ठेवून 11 दातांचा पिनियन लावावा.