तुम्ही विचारलंत म्हणून: कासवाचं पिल्लू नर की मादी?

"डॉक्टर, हे पोरगं हाय का पोरगी, तेवढं सांगा की." माझ्या दवाखान्यात कासव घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. दवाखान्याबाहेरही सुटका नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत हातात भज्यांचा कागद असतानासुद्धा कुणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यावर पिल्लाचा फोटो असतो आणि प्रश्न तोच. दर वेळी उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देतो, म्हणून आज बसून नीट लिहितो.

सरळ सांगायचं तर पिल्लू तळहातावर आरामात मावतंय तोवर मला ते सांगता येत नाही. बघितल्या बघितल्या ठामपणे सांगणारा कुणी भेटला तर तो ठोकून देतोय असं समजा. निम्म्या वेळा त्याचं बरोबरही येईल, पर्याय दोनच आहेत म्हटल्यावर.

आपल्याकडे माशांच्या दुकानात मिळणारं हिरवं पिल्लू, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, ते रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्याकडचं. पाण्यात राहतं, ऊन खायला बाहेर येतं. खाली लिहिलंय ते मुख्यतः याच्याबद्दल, कारण दवाखान्यात येतं ते हेच. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या आपल्या देशी कासवाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

या कासवांत नर-मादी ठरतं ते अंडं कितपत उबेत राहिलं त्यावर. अंडी 26 अंशांच्या आसपास उबली तर पिल्लं नर निघतात, 31 अंशांच्या आसपास उबली तर माद्या. मध्ये, 29 च्या जवळपास, दोन्ही मिसळून. त्यातही अंड्यातल्या वाढीचा मधला काळ निर्णायक असतो. म्हणजे पिल्लू बाहेर येतं तेव्हा आतला निकाल लागलेला असतो, पण बाहेरून त्याची एक खूण दिसत नाही. खुणा दिसायला लागतात वयात येताना. नराची पाठ साधारण 10 सेंटिमीटरची झाली की त्याच्या अंगावर फरक दिसू लागतो, आणि तेवढं व्हायला खाण्यापिण्यानुसार दोन ते पाच वर्षं जातात. मादी आणखी उशिरा वयात येते आणि शेवटी नरापेक्षा चांगलीच मोठी होते.

बघायचं काय, तर आधी पुढच्या पायांची नखं. वयात आलेल्या नराची ही नखं चांगली लांब असतात, मागच्या पायांच्या नखांपेक्षा नजरेत भरण्याइतकी. मादीला मनवताना नर तिच्या तोंडासमोर पंजे धरून ही नखं थरथरवतो. (लहान पिल्लंही कधी कधी एकमेकांसमोर अशी नखं हलवतात, त्यावरून काही ठरवू नका.) मग शेपूट. इथे घाई चालत नाही. कासव हातात धरलं की शेपूट आत घेऊन एका बाजूला दुमडून ठेवतं. मी दोन्ही बाजूंनी पाठ धरून त्याला आडवंच ठेवतो, बोलत बसतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत ते कंटाळून पाय हलवायला लागतं, तशी शेपूट बाहेर येते. नराची शेपूट बुडाशी जाड आणि लांब असते, तिच्यावरचं शी-शूचं भोक पाठीच्या कडेच्याही बाहेर, टोकाच्या बाजूला असतं. मादीची शेपूट आखूड आणि भोक अंगालगत.

आता यात एक मेख आहे. नखं लांब असली तर नर म्हणून मोकळं होता येतं. आखूड असली तर मात्र मादी म्हणता येत नाही, कारण तो उशिरा वाढणारा नरही असू शकतो. पाठ 15 सेंटिमीटरच्या पुढे गेली आणि नखं अजून आखूडच असली, तर मग मादी म्हणायला हरकत नाही. दुर्बिणीने आत बघून लहानपणीही सांगता येतं, पण त्यासाठी भूल द्यावी लागते. नुसत्या कुतूहलापोटी एवढ्याशा जिवाला भूल द्यायला मी तयार होत नाही.

प्रश्नामागचं कारण विचारलं की बहुतेक जण म्हणतात, जोडी करायचीय. एकटं कंटाळतं ना, डॉक्टर! नाही कंटाळत. हे कळपात रमणारं जनावर नव्हे. छोट्या टाकीत जोडी ठेवली तर नर मादीच्या मागे लागतो, तिला चावतो, खाऊ देत नाही, आणि दोन नर असतील तर विचारूच नका. दुसरं कारण वास्तूचं. उत्तरेला कासव हवं, तेही काचेच्या वाडग्यात, टीव्हीशेजारी. वास्तूसाठीच हवं असेल तर पितळेचं घ्या. देवळाच्या फरशीत कोरलेलं कासव शतकानुशतकं तिथे सुखात आहे, कारण त्याला ना ऊन लागतं ना खाणं.

तरीही नर-मादी कळण्याला पुढे अर्थ असतो, आणि तो जोडीपेक्षा निराळ्या कारणांसाठी. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालते, कोंबडीसारखीच. पण त्यासाठी तिला उकरायला माती-वाळू लागते. सबंध टाकीत पाणीच असेल तर ती अंडी धरून ठेवते, मग खाणं सोडते, अस्वस्थ होऊन काचेवर चढत राहते, आणि अंडी आत अडकून जिवावर बेतू शकतं. आणि नर असेल तर एक दिवस घाबऱ्या आवाजात फोन येतो: "डॉक्टर, आतडं बाहेर आलंय!" बहुतेक वेळा ते आतडं नसतं, काळसर जांभळं असं नराचं जननेंद्रिय असतं. ते आपोआप आत गेलं तर प्रश्न मिटला. नाही गेलं तर कासवाला एकट्याला स्वच्छ पाण्यात ठेवा, तो भाग ओला राहू द्या आणि लगेच निघा. सुकला किंवा शेजारच्याने चावला की तो वाचत नाही.

पण पिल्लाच्या बाबतीत आज, आत्ता जे कळू शकतं ते म्हणजे त्याची तब्येत. आणि तेच कुणी विचारत नाही.

मागच्या थंडीत पूर्व भागातून एक आजी नातवाला घेऊन आल्या. कडीच्या स्टीलच्या डब्यात चार बोटं पाणी, त्यात पिल्लू. नातवाने नेहमीचा प्रश्न विचारला. आजींनी त्याला गप्प केलं. "ते ऱ्हाऊ दे रे. डॉक्टर ओ, खातच नाही हे. डोळं बी उघडंना." पिल्लाच्या दोन्ही पापण्या सुजून घट्ट मिटलेल्या होत्या. दुकानातून मिळालेली वाळवलेली कोळंबी हेच त्याचं जेवण, सकाळ-संध्याकाळ. अशा एकसुरी खाण्याने जीवनसत्त्व अ कमी पडतं, पापण्या सुजतात, त्यात पाणी घाण असलं की भर पडते. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी खालावतं. आजींनी जे पाहिलं होतं तेच खरं निदान होतं, मी फक्त औषध दिलं. सुई पुढच्या पायात देतो, लोकांना नवल वाटतं. सरपटणाऱ्या प्राण्यांत मागच्या अंगातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, म्हणून औषध पुढच्या भागात देण्याचा रिवाज आहे. अ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र घरच्या घरी देऊ नका. जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

तर डोळे उघडे, टवटवीत हवेत. नाकाशी, तोंडाशी बुडबुडे किंवा शेंबूड नको. तोंड उघडून, मान वर ताणून श्वास घेत असेल तर ते गोड दिसतंय म्हणून व्हिडिओ काढत बसू नका. आणि पाण्यात ते कसं तरंगतंय ते बघा. एका अंगावर कललेलं असेल, बुडी मारायला जमत नसेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. हे लक्षण घरच्यांना महिनाभर दिसत असतं, "त्याची सवयच तशी" म्हणून सोडून दिलेलं असतं.

पाठ बोटाने हलकेच दाबून बघा. अगदी नवं पिल्लू असेल तर थोडी लवचिक लागते, ते चालतं. वर्षाच्या पिल्लाची पाठ दबत असेल, कडा वर वळलेल्या असतील, तर कॅल्शियम आणि ऊन दोन्ही कमी पडतंय. आता सोलापुरात ऊन कमी पडतं असं मी म्हणालो तर लोक हसतात. पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही. ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते अतिनील किरण काच अडवते. थेट ऊन हवं, सकाळचं, आणि टबात अर्ध्या भागावर सावली हवीच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 वर जातो, तेव्हा गच्चीवर उन्हात ठेवलेल्या उथळ टबात पिल्लू बघता बघता शिजून मरतं. कावळे असतात ते वेगळंच. पाठीवर मऊ, वास येणारे डाग दिसले तर कुजायला सुरुवात झालीय, ते आणून दाखवा. पातळ पापुद्रे निघत असतील तर घाबरायचं कारण नाही, वाढताना स्लायडरची पाठ तशी सोलतेच.

पायांत जोर आहे का, हेही हातात घेतल्यावर कळतं. निरोगी पिल्लू उचललं की चारी पायांनी हवेत पोहतं, बोटाला ढकलतं. लुळं लोंबत असेल तर मला पुढचं तपासायच्या आधीच काळजी वाटते.

आणि वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा. वाढत्या पिल्लाचं वजन हळूहळू का होईना, चढत जायला हवं. दोन-तीन रविवार घसरलं की या. पाठीच्या लांबीवरून वजन किती हवं याचा एक तक्ता मोबाइलवर फिरतो. तो युरोपाकडच्या भूमध्य समुद्राकाठच्या जमिनीवरच्या कासवांसाठी बनवलेला आहे. आपल्या स्लायडरला तो लावू नका, उगाच जीव घाबरा होतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की पिल्लू खाणं कमी करतं, कारण पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. कोंबून भरवू नका, पाणी 25-28 अंशांवर ठेवायचं बघा. हिटरला जाळी लावा, नाहीतर चटका बसतो.

आता चांदण्यांच्या नक्षीचं, लोक ज्याला स्टार कासव म्हणतात ते. त्यातही मोठ्या नराच्या पोटाला खोलगट बाक असतो, शेपूट लांब असते, मादी आकाराने मोठी आणि गोलसर. पण हे ज्ञान तुमच्या घरच्या पिल्लासाठी नाही, कारण ते घरात ठेवणंच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची 1 मध्ये आहे, वाघाच्या रांगेत. आपल्या तळ्या-विहिरींत सापडणारं मऊ पाठीचं कासवही तसंच. कुणी भेट दिलं, शेतात सापडलं, काहीही असो, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. आणि वीस नखांचं कासव लाखात जातं म्हणून नखं मोजत बसणाऱ्यांसाठी: स्टार कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, अशी अठराच असतात. स्लायडरलाही अठराच.

स्लायडर मात्र नकोसं झालं म्हणून कंबर तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात सोडू नका. पुण्य लागत नाही. ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि देशी कासवांची उन्हाला बसायची जागा, खाणं, सगळं बळकावतं. झेपत नसेल तर मला सांगा, दुसरं घर शोधू.

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला पिल्लू हाताळू देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव पाळायला म्हणून विकायला बंदी आहे ती यासाठीच, कारण पोरं ते तोंडात घालतात. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, आणि हात साबणाने धुवा.

दाखवायला आणाल तेव्हा पाण्यातून आणू नका. डब्याला भोकं पाडा, ओला टॉवेल घाला, टॉवेल तर आपल्या गावचाच असतो. सोबत टाकीचा फोटो, खाण्याचं पाकीट आणि वजनाचे आकडे आणा. उन्हाळ्यात बारा ते चार येऊ नका, आणि स्कूटरच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.